पैसे भरायच्या पानावरून गिऱ्हाईक परत का जातं: लालबागच्या मसाल्याच्या दुकानाच्या वेबसाइटबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबागला सासऱ्यांचं मसाल्याचं जुनं दुकान आहे आणि दुकानावर गर्दी असते. गेल्या वर्षी तुम्ही वेबसाइट काढली. लोक साइटवर येतात, मालवणी मसाला कार्टमध्ये टाकतात आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातात. काही जण फोन करून विचारतात, "दुकान खरंच आहे ना?" गुगलवर शोधलं तर तुम्ही मोठ्या पोर्टलांच्या खाली कुठेतरी गाडले गेलेले. एका एजन्सीने यावर कोटेशन दिलंय: पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे), 'डोमेन अथॉरिटी' (साइटच्या वजनाचा एक अंदाजी गुणांक) चाळीसपर्यंत, गुगलवर शंभर पंचतारांकित रिव्ह्यू आणि साइटवर लावायला अर्धा डझन 'ट्रस्ट बॅज', म्हणजे 'सुरक्षित' असे शिक्के. हे घ्यावं का?

घेऊ नका. त्या चारही गोष्टींनी साइट विश्वासार्ह दिसेल असा त्यांचा दावा आहे. पण तुमचं गिऱ्हाईक आणि गुगल, दोघंही साइट काय म्हणते ते वाचून थांबत नाहीत. ते साइटच्या बाहेर जाऊन तपासतात. तिथे जे सापडतं ते साइटशी जुळलं की काम होतं, नाही जुळलं तर सहा बॅज लावा नाहीतर साठ. म्हणून पुढे जे लिहितोय ते सगळं याच दिशेने आहे: तुमच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट तिऱ्हाइताला दोन मिनिटांत पडताळता आली पाहिजे.

आधी ते फोन. ते तुम्हाला त्रास वाटतात, मला तुमच्या प्रश्नातला तोच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. विश्वास नसलेली माणसं गुपचूप निघून जातात. ही निदान विचारतात तरी. पंधरा दिवस एक वही ठेवा आणि फोनवर आलेला प्रश्न शब्दशः लिहा. "पार्सल किती दिवसांत येतं", "फुटलं तर काय", "पैसे दुसऱ्याच नावावर जातायत, बरोबर आहे ना" असे प्रश्न येतील. यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे साइटवर न सापडलेलं एक उत्तर. महागडं ऑडिट करून घेण्याआधी ही वही भरा.

तुम्ही लिहिलंय की एसएसएल (साइटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी सोय) आहे, पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतं, मग लोक का घाबरतात. कारण त्या कुलपाचा अर्थ एवढाच की गिऱ्हाइकाचा फोन आणि तुमचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं मधे कोणी ऐकत नाही. समोर बसलेला माणूस कोण, हे ते सांगत नाही. सर्टिफिकेट आज फुकट मिळतं आणि फसवणुकीच्या साइटही ते सर्रास लावतात. लोक कुलूप बघून नको इतके निर्धास्त होतात, हे ओळखून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्हच काढलं. एचटीटीपीएस, म्हणजे एसएसएल लावलेला साइटचा पत्ता, अर्थात हवंच. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ते नसलेल्या साइटला 'सुरक्षित नाही' असा शेरा देतो, आणि २०१४ पासून गुगलच्या क्रमवारीत त्याला थोडंसं वजनही आहे. थोडंसंच. ते नसेल तर तुम्ही बाद, असेल तर नुसते शर्यतीत उभे.

आता खरा घोळ. तुम्ही साइटची लिंक दिलीत म्हणून मी गिऱ्हाईक होऊन फिरून आलो. साइटवर एक ब्रँड नाव. गुगल मॅप्सवर दुकानाच्या पाटीवरचं दुसरं नाव. पत्ता साइटवर 'लालबाग', मॅप्सवर 'परळ', एका जुन्या डिरेक्टरीत 'चिंचपोकळी'. आपल्याला माहीत आहे की ही तिन्ही दोन पावलांवर आहेत आणि मुंबईकर स्वतःचा पत्ता प्रसंगानुसार बदलत असतो. नागपूरच्या किंवा न्यू जर्सीच्या माणसाला मात्र ती तीन वेगवेगळी दुकानं वाटतात, आणि यंत्रालाही. आणि कळस म्हणजे पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर बँकेत नोंदलेलं नाव येतं, ते तुमच्या नवऱ्याचं! साइट एका नावाची, पैसे चाललेत कुठल्याशा अनोळखी गृहस्थाच्या खात्यावर. गेल्या काही वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी ऑनलाइन फसलेलं आहे. बँका आणि पोलीस सतत सांगतायत, पैसे पाठवण्याआधी नाव बघा. गिऱ्हाइकाने नाव बघितलं आणि मागे फिरलं. त्याने शहाणपणाच केला.

दुकानाच्या नावाने चालू खातं काढा आणि पेमेंट गेटवे (साइटवर पैसे स्वीकारणारी सेवा) त्याला जोडा. हे तुमच्या यादीतलं पहिलं काम. त्यानंतर एक नाव आणि एक पत्ता ठरवा, अगदी 'मार्ग' की 'रोड' इथपर्यंत, आणि तो सगळीकडे तसाच लिहा: साइटचा तळ, गुगल बिझनेस प्रोफाइल (मॅप्सवर दिसणारी दुकानाची नोंद), इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, पाकिटावरचं लेबल, कुरिअरची पावती. ब्रँडचं नाव पाटीपेक्षा वेगळं ठेवायचंच असेल तर 'अमुक यांचं उत्पादन' असा दुवा स्पष्ट लिहा. बिझनेस प्रोफाइलवर नाव पाटीवर आहे तेवढंच ठेवा. त्याला 'मुंबईतील सर्वोत्तम घरगुती मसाले' असं शेपूट जोडलंत तर गुगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

मग क्रमांक. तुमच्या दुकानात भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना टांगलेला असेल. तो चौदा अंकी क्रमांक साइटच्या तळाशी टाका आणि जोडीला एक ओळ लिहा की फॉसकॉसच्या सरकारी संकेतस्थळावर तो तपासता येतो. जीएसटी क्रमांकही टाका. महाराष्ट्रातला म्हणून तो २७ ने सुरू होतो, आणि कोणीही जीएसटीच्या पोर्टलवर तो घालून मालकाचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणीची तारीख बघू शकतो. व्यापारी नावाच्या रकान्यात दुकानाचं नाव नसेल तर तुमच्या सीएंना सांगून दुरुस्त करून घ्या. हा क्रमांक उघड करायला लोक उगाच घाबरतात. नियमाप्रमाणे तो दुकानाच्या दर्शनी पाटीवरही असावा लागतो, मग साइटवर लपवून काय मिळणार? एजन्सी जे 'शंभर टक्के सुरक्षित' वगैरे शिक्के विकतेय ते नुसती चित्रं आहेत. त्यावर टिचकी मारली तर कुठेच जात नाही. तुमचा परवाना क्रमांक टिचकीविना तपासता येतो.

कायद्याची बाजू एका दमात सांगतो, कारण ती तुमच्याच फायद्याची आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार विक्रीच्या साइटवर कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. तुमच्याकडे तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. हरकत नाही, तुमचं नाव लिहा. पाकीटबंद मालाचं निव्वळ वजन, एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ता हे वजनमापांच्या नियमांनुसार प्रत्येक वस्तूच्या पानावरही दाखवायचं असतं. तुमच्या पानांवर एमआरपी आहे, वजन फक्त फोटोत आहे, आणि फोटो धूसर आहे.

तुमची 'अटी व शर्ती' तुम्ही वाचल्यात का? मी वाचल्या. वाद झाल्यास कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र लागू होईल असं तिथे लिहिलंय. वेबसाइटवाल्याने कुठल्यातरी साच्यातून उचलून चिकटवलंय, बहुतेक जण असंच करतात. भारतमाता सिनेमासमोरून घेतलेल्या पाव किलो मसाल्यासाठी लॉस एंजेलिसला खेटे घालायला कोण जाणार! ते पान काढा आणि साध्या मराठीत व इंग्रजीत अर्ध्या पानात लिहा: ऑर्डर किती दिवसांत निघते, मुंबईत आणि बाहेर किती दिवस लागतात, पाकीट फुटून आलं तर फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा, पैसे परत किती दिवसांत मिळतात, उघडलेलं पाकीट परत घेता की नाही. परत घेत नसाल तर तसं स्पष्ट लिहा. 'नाही' असं ठळक लिहिलेलं लोकांना चालतं, गोलमाल भाषा चालत नाही. आणि जे लिहाल ते पाळा. सात दिवस लिहून बारा दिवसांनी पैसे दिलेत तर लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

आता कार्ट सोडून जाण्याचं दुसरं कारण, जे तुम्ही प्रश्नात लिहिलंच नाहीये. मी दोनशे ग्रॅमचं पाकीट घेतलं. शेवटच्या पानापर्यंत कुरिअरचा खर्च कळला नाही, आणि कळला तेव्हा तो मसाल्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला. शिवाय प्रत्येक वस्तूवर 'फक्त २ पाकिटं शिल्लक' आणि उलटं मोजणारं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली आहे. खोटी घाई आणि शेवटी वाढणारी किंमत, दोन्ही त्या यादीत आहेत. तुम्ही हे मुद्दाम केलं नसेल, साइटच्या तयार साच्यात, म्हणजे थीममध्येच, असतं, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय? घड्याळ आजच बंद करा. कुरिअरचा दर वस्तूच्या पानावरच लिहा: मुंबईत इतके, महाराष्ट्रात इतके, अमुक रकमेच्या वर मोफत. माझ्या अंदाजाने नावाचा घोळ आणि हा कुरिअरचा धक्का, एवढे दोन सुटले तरी तुमची निम्मी गळती थांबेल.

दिसण्याबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्डमध्ये २००२ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत लोकांना साइटची विश्वासार्हता जोखायला सांगितलं, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी साइट दिसते कशी याचाच उल्लेख केला. तेव्हा नीटनेटकेपणा हवाच. पण तुमच्या मुखपृष्ठावर हेडफोन लावून हसणारी जी गोरी बाई आहे, तिला निरोप द्या. संगमरवरी ओट्यावरची मसाल्याची परदेशी चित्रंही काढा. त्याजागी दुकानाची पाटी, गल्ल्यावर बसलेले सासरे, गोणीतली मिरची आणि मसाला कुटायच्या डंकाचा फोटो घाला. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढलेले चालतील. देठं खुडणाऱ्या बायकांचा फोटो घालणार असाल तर त्यांना विचारून. रस्त्यावरून दुकान कसं दिसतं त्याचा एक फोटो जरूर हवा, कारण ज्याला शंका येते तो मॅप्सवर जाऊन तीच पाटी शोधतो.

'आमच्याविषयी' पानावर सध्या असं आहे: 'आम्ही दर्जेदार मसाल्यांच्या क्षेत्रातील अग्रगण्य नाव असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' हे वाक्य ठाण्याच्या पंप विक्रेत्याच्या साइटवरही चालेल आणि पुण्याच्या क्लासच्याही. जे फक्त तुम्हीच लिहू शकता ते लिहा. मिरची कोणत्या महिन्यात घेता, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती, मालवणी मसाल्यात तुम्ही काय घालता आणि काय घालत नाही, मे महिन्यात दुकानासमोर मिरच्या घेऊन आलेल्या बायकांची रांग का लागते. प्रमाण उघड करायचं नसेल तर नका करू, पण पद्धत सांगा.

इथून गुगलचा विषय सुरू होतो. निकालांचा दर्जा तपासायला गुगल जगभर माणसं नेमतं आणि त्यांच्यासाठीची मार्गदर्शिका सगळ्यांना वाचायला खुली आहे. त्यात अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता असे चार निकष आहेत. 'अनुभव' हा २०२२ च्या डिसेंबरमध्ये जोडला गेला. चौघांत विश्वासार्हता सर्वात महत्त्वाची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तपासनिसाला सांगितलेलं असतं की साइटमागे कोण आहे ते शोधा, दुकान असेल तर संपर्क आणि ग्राहक सेवेची माहिती बघा, आणि साइट स्वतःबद्दल काय म्हणते यावर न थांबता इतर लोक काय म्हणतात ते शोधा. या माणसांच्या गुणांनी तुमच्या साइटची क्रमवारी थेट बदलत नाही. आणि विश्वासार्हता हा कुठला एक आकडा नाही जो कोणी 'वाढवून' देईल. पण गुगलला आपल्या निकालांत काय वर यायला हवंय हे त्यातून कळतं, आणि ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या वागण्याशी हुबेहूब जुळतं.

म्हणून लेख लिहायचे तर अनुभवाचे लिहा. तुमच्या ब्लॉगवर 'हळदीचे २५ आरोग्यदायी फायदे' आहे, त्यात हळद कर्करोगावर गुणकारी असल्याचं म्हटलंय. ते आज काढा. एक तर खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा करण्याचे दावे करता येत नाहीत. दुसरं, आरोग्य आणि पैसा या विषयांवर गुगल जास्त कडक असतं आणि मसाल्याच्या दुकानाला तिथे अधिकार नाही. तुमचा अधिकार कुठे आहे? ब्याडगी रंग देते आणि तिखटपणा कमी, मग रस्सा लालभडक हवा पण पोरांना झोंबायला नको तर काय करायचं. वर्षाचा मसाला बरणीत भरताना हिंगाचे खडे का ठेवायचे. पावसाळ्यात मसाल्याला जाळी धरली तर चूक कुठे झाली. कोळी मसाला, गोडा मसाला आणि ईस्ट इंडियन बाटली मसाला यांत फरक काय. हे तुमच्या सासूबाईंना तोंडपाठ असणार. त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा, उतरवा आणि त्यांची तयारी असेल तर खाली त्यांचं नाव घाला. महिन्याला असा एक लेख पुरे. यंत्राकडून आठवड्याला वीस लेख काढून टाकायचा मोह आवरा. नुसती क्रमवारी मिळवायला घाऊक मजकूर ओतणं हे मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी आहे.

मसाल्यांच्या बाबतीत एक गोष्ट खास सांगायला हवी. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांमध्ये इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून परदेशातलं आणि इथलंही जाणकार गिऱ्हाईक भेसळ आणि कीटकनाशकांबद्दल विचारू लागलंय. 'शंभर टक्के शुद्ध' या शब्दांना आता किंमत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून हंगामाच्या मालाची एकदा तपासणी करून घ्या, अहवाल जसाच्या तसा साइटवर ठेवा आणि पाकिटावरच्या बॅच क्रमांकाशी त्याचा मेळ घाला. खर्च होतो, मान्य. पण एजन्सीच्या कोटेशनमधले पैसे वळवायचे तर इथे वळवा. एवढ्याशा दुकानाकडे अहवाल आहे आणि मोठ्या पोर्टलवरच्या विक्रेत्याकडे नाही, हे गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येतं.

एजन्सीच्या बाकीच्या मालाकडे येतो. 'डोमेन अथॉरिटी' हा मॉझ नावाच्या कंपनीचा एक ते शंभरमधला स्वतःचा अंदाज आहे. गुगल तो वापरत नाही. तो चाळीस झाला म्हणून एकही पाकीट जास्त खपणार नाही. बॅकलिंकचं मूळ खरं आहे: दुसऱ्या साइटने दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, ही कल्पना गुगलच्या पायातच आहे. म्हणूनच तिचा बाजार झाला, आणि म्हणूनच क्रमवारीच्या पद्धतीतल्या २०१२ च्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून गुगल विकत घेतलेले दुवे ओळखून निकामी करत आलंय. पाचशे दुवे बहुधा कुणी न वाचणाऱ्या साइटवर असतील. बरं झालं तर ते मोजलेच जाणार नाहीत आणि पैसे पाण्यात. वाईट झालं तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) मानवी कारवाईची, म्हणजे गुगलच्या माणसाने तपासून केलेल्या शिक्षेची, नोटीस येईल आणि मग ते निस्तरायला तीच एजन्सी दुसरं कोटेशन देईल. खरे दुवे हवे असतील तर तुमचा मसाला वापरणाऱ्या खानावळी आणि केटररना विचारा, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना ऑर्डर जात असतील तर त्यांना विचारा. खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या कुणाला पैसे देऊन लिहून घेतलंत तर तो दुवा प्रायोजित असल्याची खूण कोडमध्ये हवी, आणि वाचकालाही ते सांगायला हवं. असे पाच-सात खरे दुवे मिळायला वर्ष जाईल. जाऊ दे.

रिव्ह्यू विकत घेण्याबद्दल मला अजिबात सौम्य बोलता येत नाही. ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकू नये असं ई-कॉमर्स नियमांत आहे, पैसे देऊन मिळवलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत असं भारतीय मानक ब्युरोच्या २०२२ च्या मानकात आहे, आणि गुगल असे रिव्ह्यू उडवतं ते वेगळंच. शिवाय ते ओळखू येतात. एका आठवड्यात साठ जणांनी 'गुड प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी' लिहिलं आणि त्यांतल्या निम्म्यांनी त्याच दिवशी इंदूरच्या दातांच्या डॉक्टरलाही पाच तारे दिलेत, हे बघायला टिचकी पुरते.

त्याऐवजी दुकानावर जे रोज येतात त्यांना विचारा. गल्ल्यापाशी क्यूआर कोड लावा. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक साधा निरोप पाठवा, सगळ्यांना, फक्त खूश असलेल्यांना निवडून नव्हे. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे. वाईट रिव्ह्यू आला तर पुसायच्या मागे लागू नका. 'मसाला जुना वाटला' असं कोणी लिहिलं तर खाली लिहा की कोणत्या महिन्यातला होता, काय झालं आणि तुम्ही काय केलंत. नवीन गिऱ्हाईक पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचतच नाही, थेट एक तारा उघडतं आणि दुकानदार कसा बोलतो ते बघतं. तिथे सासऱ्यांना मात्र उत्तर लिहू देऊ नका, निदान रागात असताना नको.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? मुंबईतल्या लहान दुकानांत मी सर्रास बघतो की डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि बिझनेस प्रोफाइल हे सगळं वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर असतं. तो मुलगा नोकरीला लागतो, नंबर बदलतो, आणि एक दिवस डोमेनची मुदत संपते. मग त्याच नावावर दुसरं कोणीतरी जुगाराची साइट चालवतं आणि तुमच्या पाकिटावर तो पत्ता छापलेला! आज संध्याकाळी लॉगिन मागून घ्या, नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर करा, दुहेरी पडताळणी लावा, मुदत आपोआप वाढेल अशी सोय ठेवा.

त्याच बैठकीत गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच तुमचं डोमेन असं टाइप करून बघा. तुमचीच पानं दिसली तर ठीक. जपानी अक्षरांतली किंवा औषधांच्या जाहिरातींची पानं दिसली तर साइटमध्ये कोणीतरी घुसलंय. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चोरीची थीम टाकली किंवा प्लगइन, म्हणजे त्याचे जोडभाग, वर्षभर अपडेट केले नाहीत की हे हमखास होतं. वरवर साइट ठीक दिसते, म्हणून मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही. सर्च कन्सोल फुकट आहे. त्यातले सुरक्षेचे आणि मानवी कारवाईचे दोन रकाने महिन्यातून एकदा बघा, आणि बॅकअप साइटपासून वेगळ्या जागी ठेवा.

ऑर्डरचे ईमेल जीमेलच्या खात्यावरून जातायत. ते स्वतःच्या डोमेनवरून जाऊ द्या आणि होस्टिंगवाल्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) या तीन नोंदी नीट करायला सांगा. नाहीतर पैसे भरल्याची पावती स्पॅममध्ये जाते आणि गिऱ्हाईक घाबरून पुन्हा फोन करतं. वेग: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं माप आहे. तुम्ही मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन घेऊन गर्दीच्या वेळी दादर-ठाणे लोकलमध्ये साइट उघडून बघा. मुखपृष्ठावर चार-चार एमबीचे फोटो आहेत, माटुंगा गेलं तरी उघडणार नाही.

क्रम असा लावा. खातं, नाव-पत्ता, कुरिअरचा दर, घड्याळ आणि डोमेन ही कामं पंधरवड्यात होतात, आणि त्यांचा परिणाम गिऱ्हाइकांवर लगेच दिसतो. गुगलला वेळ लागेल. पत्ते जुळवल्यावर मॅप्समध्ये काही आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, शोधाच्या निकालात काही महिने. 'मालवणी मसाला' या दोन शब्दांवर मोठ्या पोर्टलांशी झुंजू नका, 'लालबागहून मालवणी मसाला कुरिअरने' असं शोधणारा माणूस तुमचा आहे. मार्चमध्ये मिरचीचा हंगाम सुरू झाला की घरातल्या कोणालाही मान वर करायला फुरसत मिळणार नाही, तेव्हा खात्याचं आणि साइटच्या तळाचं काम फेब्रुवारी संपायच्या आत हातावेगळं करा. फोटो आणि सासूबाईंचं रेकॉर्डिंग मात्र हंगामातच करा, तेव्हाच गोण्या उघड्या असतात. प्रयोगशाळेचा नमुना नवीन मसाल्याच्या पहिल्या घाण्याचा पाठवा आणि त्या बॅचची दोन पाकिटं न उघडता वर्षभर बाजूला ठेवा. कोणी तक्रार केली तर ताडून बघायला लागतात.